सार्वजनिक वाहतुकीतील कामगार नेतृत्व आणि त्याचा गौरव : जॉर्ज फर्नांडिस यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील घिवली हे गाव तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात वसलेले आहे. गावाला रेल्वे नाही. मुंबईच्या दिशेने जायचे तर आधी एस.टी. किंवा रिक्षाने बोईसर गाठावे लागते आणि तेथून पश्चिम रेल्वेची गाडी पकडावी लागते. मासळीची पाटी घेऊन निघालेली कोळीण, तारापूर औद्योगिक वसाहतीतला कामगार, पालघर वा वसईच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, या सर्वांचा दिवस अशा प्रवासाने सुरू होतो. हा प्रवास सुखरूप व्हावा यासाठी एस.टी.चे चालक-वाहक, गाडीचा मोटरमन, गार्ड, पॉइंट्समन, रुळांची देखभाल करणारा गँगमन अशी कितीतरी माणसे राबत असतात. प्रवाशाला त्यांची नावे ठाऊक नसतात. त्यांचे अस्तित्व त्याला प्रकर्षाने जाणवते ते गाडी बंद पडल्यावर किंवा संप झाल्यावर.

सार्वजनिक वाहतुकीतील कामगार नेत्याच्या गौरवाचा प्रश्न येथूनच अवघड होऊ लागतो. गिरणीतला संप मालकाच्या नफ्यावर आघात करतो. वाहतुकीतला संप प्रथम प्रवाशाला बसतो आणि हा प्रवासी बहुतांशी स्वतःच कष्टकरी असतो. त्यामुळे वाहतूक कामगारांचा नेता एकाच वेळी काहींचा तारणहार आणि काहींच्या खोळंब्याचे कारण ठरतो. अशा नेत्याचा समाजाने गौरव करावयाचा तो कोणत्या आधारावर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मुंबईच्या टॅक्सीचालकांपासून देशातील रेल्वे कामगारांपर्यंत सुमारे अडीच दशके वाहतूक कामगारांचे संघटन करणाऱ्या जॉर्ज फर्नांडिस (१९३०–२०१९) यांच्या कार्याचा येथे विचार केला आहे. पश्चिम रेल्वेवरील कामगार चळवळीच्या नेत्या मणिबेन कारा यांचे उदाहरण तुलनेसाठी घेतले आहे.

गौरवाची परंपरा

महाराष्ट्रात कामगार नेत्यांच्या स्मरणाची परंपरा नवी नाही. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांचे नाव मुंबईतील पूर्वीच्या फ्रियर रोडला देण्यात आले. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या नावाची बाग माझगावच्या टेकडीवर आहे. तिकीट, रस्ता, बाग ही गौरवाची दृश्य रूपे होत.

तथापि लोखंडे यांचे खरे स्मारक वेगळेच आहे. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना मिळालेली रविवारची सुट्टी हे त्यांच्या चळवळीचे फळ होय. आज ती सुट्टी उपभोगणाऱ्या बहुतेकांना लोखंडे यांचे नाव माहीत नसते. तरीही दर रविवारी त्यांच्या कार्याचा लाभ घेतला जातो. कामगार नेत्याच्या गौरवाचे मोजमाप करताना ही दोन रूपे, नावाचा गौरव आणि हक्काचा गौरव, वेगळी पाहणे आवश्यक ठरते. येथे एक विरोधाभासही ध्यानात घ्यावा लागतो. इतरांची रविवारची सुट्टी सुखाची व्हावी म्हणून एस.टी.चा चालक आणि रेल्वेचा मोटरमन रविवारीही कामावर असतो. वाहतूक कामगारांच्या प्रश्नाचे वेगळेपण या साध्या वस्तुस्थितीत सामावलेले आहे.

चौपाटीवरून कामगार चळवळीत

जॉर्ज फर्नांडिस यांचा जन्म ३ जून १९३० रोजी मंगळूर येथे झाला. धर्मगुरू व्हावे या हेतूने घरच्यांनी त्यांना बंगळूरच्या धर्मशिक्षण संस्थेत पाठवले होते. तेथील विषमतेने विटून ते बाहेर पडले आणि १९४९ च्या सुमारास मुंबईत आले. निवाऱ्याअभावी चौपाटीवरील बाकांवर रात्री काढणाऱ्या या तरुणाला पुढे वृत्तपत्रात मुद्रितशोधकाचे काम मिळाले. प्लॅसिड डिमेलो आणि डॉ. राममनोहर लोहिया या दोघांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. संघटना कशी बांधावी हे डिमेलोंकडून आणि कशासाठी बांधावी हे लोहियांकडून ते शिकले, असे म्हणता येईल. १९५८ मध्ये डिमेलो यांचे निधन झाले आणि मुंबईतील असंघटित कामगारांच्या नेतृत्वाची मोठी जबाबदारी तरुण फर्नांडिस यांच्याकडे आली.

त्या काळातील मुंबईची वाहतूक समजून घेतल्याशिवाय या नेतृत्वाचे महत्त्व कळत नाही. शहरात विजेवरची ट्राम १९०७ मध्ये आणि बससेवा १९२६ मध्ये सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट उपक्रम महापालिकेच्या ताब्यात आला, तर ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ट्राम बंद होत असताना बस, टॅक्सी आणि लोकल यांवरील भार वाढत गेला. टॅक्सीचालक हा या व्यवस्थेतील सर्वांत विखुरलेला घटक होता. त्याला एक मालक नव्हता, एक कारखाना नव्हता, हजेरीपटही नव्हता. दिवसभर रस्त्यावर फिरणाऱ्या अशा माणसांना एका संघटनेत आणणे हे गिरणीच्या दारावर सभा घेण्याइतके सोपे नव्हते. फर्नांडिस यांनी बॉम्बे टॅक्सीमेन्स युनियनच्या रूपाने ते साधले. महापालिका कामगार आणि बेस्ट कामगार यांच्यातही त्यांचे नेतृत्व रुजले. एका हाकेवर शहर थांबवू शकणारा नेता, अशी त्यांची ख्याती झाली.

या काळातील त्यांच्या कार्याची एक बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. टॅक्सीचालकाला स्वतःची गाडी घ्यायची तर सावकाराचे दार ठोठवावे लागे. संप करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. १९६८ मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली त्यामागे ही जाणीव होती. पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने ती ओळखली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. चळवळीतून उभी राहिलेली संस्था टिकवण्यासाठी चळवळीची नैतिक दक्षताही पिढ्यान्‌पिढ्या टिकावी लागते, हा धडा या शेवटातून घेण्याजोगा आहे.

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबई मतदारसंघातून स. का. पाटील यांचा पराभव केला. पाटील हे मुंबई काँग्रेसचे सर्वाधिक प्रभावी नेते आणि त्या वेळचे रेल्वेमंत्री होते. टॅक्सी आणि बस कामगारांच्या नेत्याने विद्यमान रेल्वेमंत्र्यांना हरवावे, हा योगायोग पुढील घटनांच्या दृष्टीने सूचक ठरला.

कामाचे तास आणि १९७४ चा संप

१९७३ मध्ये पीटर अल्वारिस यांचा पराभव करून फर्नांडिस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. त्या वेळच्या रेल्वे कामगारांच्या असंतोषाचे मूळ केवळ वेतनात नव्हते. ते कामाच्या तासांतही होते. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने रेल्वेच्या कामाची विभागणी अति-कष्टाचे, सलग आणि मुळातच खंडित स्वरूपाचे अशा वर्गांत केली होती. त्यानुसार आठवड्याचे तास अनुक्रमे ४५, ५४ आणि ७५ असे ठरले होते. फाटकावर किंवा छोट्या स्थानकावर गाडीची वाट पाहत बसणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ पूर्ण काम म्हणून धरला जात नसे. इंजिनावरील कर्मचाऱ्यांची ड्युटी तर गाडी जितका वेळ रखडेल तितकी लांबत असे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिन कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले तेव्हा दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. त्याची अंमलबजावणी मात्र रेंगाळली.

दुसरा मुद्दा बोनसचा होता. कारखान्यातील कामगाराला कायद्याने किमान बोनस मिळत असताना रेल्वे हे सरकारी खाते असल्याने रेल्वे कामगार त्यापासून वंचित होते. सार्वजनिक उपक्रमांतील कामगारांशी वेतनसमानता, महागाई भत्ता आणि स्वस्त धान्याची सोय या मागण्याही पुढे आल्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये विविध संघटनांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली व फर्नांडिस तिचे निमंत्रक झाले. वाटाघाटी चालू असतानाच २ मे रोजी त्यांना लखनौ येथे अटक करण्यात आली. नेता तुरुंगात असताना ८ मे १९७४ रोजी संप सुरू झाला. त्या वेळी रेल्वेत सुमारे १७ लाख कामगार होते.

मुंबईत वीज व वाहतूक कामगार तसेच टॅक्सीचालक रेल्वे कामगारांच्या पाठीशी उभे राहिले. दोन दशके केलेल्या संघटनकार्याचा तो परिपाक होता. सरकारने मात्र हा संप अत्यंत कठोरपणे हाताळला. भारत संरक्षण नियम आणि मिसा यांचा वापर करून हजारो कामगारांना अटक झाली. रेल्वे वसाहतींतील कुटुंबांना घरे सोडण्यास भाग पाडल्याच्या तक्रारी झाल्या, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. अखेर वीस दिवसांनी, २७ मे रोजी, संप मागे घेण्यात आला. तात्कालिक हिशेब मांडला तर तो पराभवच होता; एकही प्रमुख मागणी मान्य झाली नव्हती.

पराभवाचे उत्तरायुष्य

इतिहासाचा हिशेब मात्र वीस दिवसांत पुरा होत नाही. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. रेल्वेमंत्रिपद राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते यांच्याकडे गेले आणि संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत कामावर घेण्याचा निर्णय झाला. याच दंडवते यांनी द्वितीय श्रेणीच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी आणली. कामगाराला नोकरी परत देणे आणि सामान्य प्रवाशाला गादी देणे हे दोन निर्णय एकाच मंत्र्याच्या कारकिर्दीत व्हावेत, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. कामगाराचे हित आणि प्रवाशाचे हित परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही, हे त्यातून दिसून येते.

१९७९ मध्ये रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी निगडित बोनस मान्य झाला. जी मागणी केली म्हणून पाच वर्षांपूर्वी माणसे तुरुंगात गेली होती, ती आता सरकारी धोरणाचा भाग बनली. अलीकडच्या वर्षांत दसरा-दिवाळीच्या सुमारास ७८ दिवसांच्या वेतनाइतक्या बोनसची घोषणा होते. बोईसर वा पालघर स्थानकावर काम करणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याच्या हाती ती रक्कम पडते तेव्हा १९७४ चे नाव कोणी घेत नाही. लोखंडे यांच्या रविवारप्रमाणे हाही नामरहित गौरव होय.

फर्नांडिस स्वतः डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात रेल्वेमंत्री झाले. ज्याने देशातील रेल्वे थांबवली त्याच्याच हाती ती चालवण्याची जबाबदारी आली. त्यांच्या कारकिर्दीत जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली हा मार्ग पूर्ण होऊन जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण लांबीने खुला झाला. शिमगा-गणपतीला गावी जाणारा चाकरमानी या मार्गाने जातो तेव्हा तो एका कामगार नेत्याच्या दूरदृष्टीचा लाभार्थी असतो.

या आलेखाची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. पुढील काळात फर्नांडिस यांनी केलेल्या राजकीय आघाड्या त्यांच्या अनेक समाजवादी सहकाऱ्यांना पटल्या नाहीत. दिल्लीच्या राजकारणात गुंतलेल्या नेत्याचा मुंबईच्या कामगारांशी असलेला दैनंदिन संबंध विरळ होत गेला. तसेच १९७४ च्या संपाची पुरेशी तयारी झाली होती काय, सामान्य कामगाराच्या कुटुंबाने मोजलेली किंमत नेतृत्वाने आधी जोखली होती काय, हे प्रश्न रास्त आहेत. गौरव म्हणजे दोषांवर पांघरूण नव्हे. किंबहुना चिकित्सेला टिकून राहणारा गौरवच खरा म्हणावा लागेल.

मणिबेन कारा : एक तुलना

घिवलीचा प्रवासी ज्या रेल्वेमार्गाने जातो त्या पश्चिम रेल्वेवरील कामगार चळवळीशी मणिबेन कारा (१९०५–१९७९) यांचे नाव निगडित आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि बर्मिंगहॅम येथे समाजशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या मणिबेन मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे आकृष्ट झाल्या. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या हिंद मजदूर सभेच्या त्या संस्थापक सदस्यांपैकी एक होत्या. पश्चिम रेल्वे एम्प्लॉईज युनियनच्या त्या प्रमुख नेत्या होत्या. जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांच्या असलेल्या रेल्वेच्या जगात एका स्त्रीने मिळवलेले हे स्थान असामान्यच होते. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या निधनानंतर कामगार शिक्षणासाठी त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली.

फर्नांडिस यांच्या कार्याला नाट्य होते. मणिबेन यांच्या कार्याला सातत्य होते. एकाचे स्मरण संपाच्या दिवसांशी जोडले गेले, तर दुसरीचे काम संघटनेच्या रोजच्या कारभारात मुरून गेले. इतिहासलेखनाचा कल स्वभावतःच नाट्याकडे असतो. त्यामुळे मणिबेन यांचे नाव पश्चिम रेल्वेच्या नित्य प्रवाशांनाही अपरिचित राहिले आहे. कामगार नेतृत्वाच्या गौरवातील हा असमतोल अभ्यासकांनी लक्षात घ्यावयास हवा.

पद्मविभूषण आणि बंद आगार

जनता सरकारने १९७७ मध्ये पद्म पुरस्कार बंद केले होते. फर्नांडिस त्या मंत्रिमंडळात होते. १९८० मध्ये पुरस्कार पुन्हा सुरू झाले. २९ जानेवारी २०१९ रोजी दीर्घ आजारानंतर फर्नांडिस यांचे निधन झाले आणि २०२० च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. राज्यसंस्थेने ज्याला एकेकाळी बेड्या घातल्या त्याला तिनेच दुसरा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. यात लोकशाहीचे औदार्य पाहता येते. लढाऊ माणसाला त्याच्या लढ्यापासून अलग करून सन्मानाच्या यादीत सामावून घेण्याची राज्यसंस्थेची हातोटीही त्यातच पाहता येते.

या गौरवाच्या आगेमागे घडलेल्या दोन घटना बोलक्या आहेत. फर्नांडिस यांच्या निधनापूर्वी जेमतेम दोन आठवडे, ८ ते १६ जानेवारी २०१९ या नऊ दिवसांत, बेस्ट कामगारांचा संप झाला. अखेर उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर आणि मध्यस्थाच्या नेमणुकीनंतर तो मिटला. दुसरी घटना एस.टी.ची. करोना साथीमुळे लांबलेला पद्म पुरस्कार प्रदान सोहळा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. त्याच महिन्यात राज्यभरातील एस.टी. आगारे बंद पडत होती. राज्य शासनात विलीनीकरण ही कामगारांची मुख्य मागणी होती. मान्यताप्राप्त संघटनांनी आंदोलन मागे घेतल्यावरही कामगार मागे हटले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याचा आदेश दिला तेव्हा पाच महिन्यांहून अधिक काळ चाललेला हा संप संपला. विलीनीकरण झाले नाही.

या पाच महिन्यांत किनाऱ्यावरील आणि डोंगरपट्ट्यातील गावांचा एस.टी.शी असलेला संबंध तुटला. रेल्वे नसलेल्या गावातील विद्यार्थ्याची सवलतीच्या पासची सोय गेली, वृद्धाचा तालुक्याच्या दवाखान्याचा रस्ता महागला. प्रवाशाचा रोष स्वाभाविक होता आणि तुटपुंज्या, अनियमित वेतनाने गांजलेल्या चालक-वाहकाचा रोषही तितकाच स्वाभाविक होता. या दोन रोषांमध्ये संवाद घडवणारे, दोन्ही बाजूंना विश्वासार्ह वाटणारे संघटित नेतृत्व त्या वेळी दिसले नाही. नेत्याचे महत्त्व त्याच्या अभावातून कळते, याचे हे अलीकडील प्रत्यंतर होय. बेस्टमध्ये भाडेतत्त्वावरील बसगाड्या आणि कंत्राटी चालक यांचे प्रमाण वाढल्यानंतर तर कामगाराचा मालक कोण, हाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. विखुरलेल्या टॅक्सीचालकांना संघटित करणाऱ्या फर्नांडिस यांचा आरंभीचा अनुभव म्हणूनच आज पुन्हा अभ्यासण्याजोगा ठरतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाहतूक कामगारांच्या नेत्याचे यश संपाच्या तात्कालिक निकालावरून ठरवता येत नाही. १९७४ चा पराभव १९७७ आणि १९७९ मध्ये अंशतः विजयात रूपांतरित झाला. दुसरा असा की, पुरस्कार आणि रस्त्यांची नावे हा गौरवाचा केवळ दृश्य भाग आहे. त्याचा टिकाऊ भाग कामगारांच्या रूढ झालेल्या हक्कांत असतो आणि तो हक्क जितका रूढ होतो तितके त्यामागील नाव विस्मृतीत जाते. इतिहासाच्या अध्यापकाचे काम हक्क आणि नाव यांची पुन्हा गाठ घालून देण्याचे आहे. स्थानिक पातळीवरील निवृत्त रेल्वे व एस.टी. कर्मचाऱ्यांच्या आठवणी विद्यार्थ्यांकरवी संकलित केल्या, तर या कामाला महाविद्यालयांतूनच प्रारंभ होऊ शकेल.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. ड्युटीचे तास कमी व्हावेत ही इंजिन कर्मचाऱ्यांची मागणी वस्तुतः प्रवाशाच्या सुरक्षिततेचीही मागणी होती. झोपेने डोळे मिटू लागलेल्या माणसाच्या हाती शेकडो जीव सोपवणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही. कामगाराची विश्रांती आणि प्रवाशाचा जीव एकाच धाग्यात गुंफलेले आहेत, हे ज्या दिवशी प्रवाशाला उमगेल त्या दिवशी वाहतूक कामगारांच्या नेत्याचा गौरव करण्यासाठी वेगळ्या समारंभाची गरज उरणार नाही. घिवलीहून पहाटे निघून रात्री सुखरूप घरी परतणारा प्रवासी हाच त्या गौरवाचा साक्षीदार असेल.